आपल्याच आकाशातला मृत्यू : स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे आणि युद्धेतिहासाची भाषा

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत हेलिकॉप्टर हा शब्द युद्धाची आठवण करून देत नाही. येथे हेलिकॉप्टर म्हणजे निवडणुकीच्या दिवसांतली सभा, शाळेच्या मैदानावर चुन्याने आखलेले वर्तुळ, त्यातला इंग्रजी 'एच', धुळीचा लोट आणि भोवती जमलेली मुले. विमान मात्र येथे रोजच्या परिचयाचे आहे. बारामतीच्या धावपट्टीवर वैमानिक घडवणाऱ्या प्रशिक्षण संस्था असल्यामुळे उसाच्या फडावरून घिरट्या घालणारी लहान विमाने पाहायला कोणी मान वर करीत नाही. क्वचित एखादे विमान शेतात उतरते, तेव्हा मात्र सारे गाव धावते. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीच्या शिवारात असेच एक प्रशिक्षणार्थी विमान कोसळले. एकटीने उड्डाण करणारी शिकाऊ वैमानिक जखमी झाली, पण वाचली. प्रथम शेतकरी मदतीला आले, मागोमाग पोलीस आले, आणि मग अशा प्रत्येक अपघातानंतर नियमाने सुरू होते ती चौकशी सुरू झाली. नागरी विमान वाहतुकीत असा दंडक आहे की अपघात झाला की तपास होतो, तपासाचा अहवाल लिहिला जातो, आणि तो कोणालाही वाचता येईल अशा रीतीने प्रसिद्ध केला जातो. काय बिघडले, कोणाकडून चुकले, पुढे काय टाळावे, हे कोरड्या भाषेत नोंदवले जाते. त्या कोरडेपणातही मृतांविषयीचा आणि पुढे उडणाऱ्यांविषयीचा एक आदर असतो असे आम्हांस वाटते.

सैनिकी वैमानिकाच्या बाबतीत हा दंडक लागू होत नाही. त्याच्या अपघाताची चौकशी होते, पण ती सैन्यदलाच्या आत होते, आणि तिचा निष्कर्ष बाहेर येईल की नाही, केव्हा येईल, किती येईल, हे मृताच्या घरच्यांना ठाऊक नसते. याला सुरक्षिततेची कारणे आहेत आणि ती सर्वच पोकळ नाहीत. पण त्यामुळे युद्धेतिहासाच्या लेखनात एक विशिष्ट प्रकारची पोकळी निर्माण होते. प्रस्तुत लेखात त्या पोकळीचा विचार नाशिकच्या एका हेलिकॉप्टर वैमानिकाच्या निमित्ताने करावयाचा आहे. त्यांचे नाव स्क्वाड्रन लीडर निनाद अनिल मांडवगणे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी सकाळी काश्मीरमधील बडगाम जिल्ह्यात त्यांचे एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर कोसळले, तेव्हा ते ३३ वर्षांचे होते. त्या हेलिकॉप्टरवर आदळलेले क्षेपणास्त्र शत्रूचे नव्हते. ते भारतीय वायुसेनेच्याच श्रीनगर तळावरून सुटले होते.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी आणि अध्यापकांनी या घटनेकडे का वळावे, असा प्रश्न कोणी विचारील. आमचे उत्तर असे की हा प्रश्न मुळात भाषेचाच आहे. रणांगणावरील मृत्यूसाठी मराठीत शब्दांचे दारिद्र्य नाही. वीरमरण, वीरगती, हौतात्म्य, बलिदान, धारातीर्थी पडणे, कामी येणे अशी शब्दांची रांगच आपल्यापाशी आहे. या प्रत्येक शब्दात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती म्हणजे समोर शत्रू आहे आणि घाव त्याचा आहे. घाव आपल्याच हाताचा असेल तर त्या मृत्यूला काय म्हणावे, हे मराठी गद्याने ठरवलेले नाही. वृत्तपत्रांनी 'फ्रेंडली फायर' हा इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून वेळ निभावली. ज्या गोष्टीला आपण नाव देत नाही ती गोष्ट आपल्या इतिहासात नीट बसतही नाही.

प्रथम हेलिकॉप्टर वैमानिकाचे स्थान पाहू. भारतीय वायुसेनेत पहिले हेलिकॉप्टर १९५४ मध्ये आले. तेव्हापासूनच्या प्रत्येक युद्धात हेलिकॉप्टर होते, पण युद्धकथांत त्याला क्वचितच मुख्य जागा मिळाली. १९६२ च्या ऑक्टोबरात नामका चू नदीकाठची आघाडी कोसळत असताना त्सांगधरच्या उंच पठारावर एक लहान हेलिकॉप्टर उतरले. ती जागा तोवर चिनी सैन्याच्या हाती गेली होती आणि वैमानिक स्क्वाड्रन लीडर सहगल तेथेच मारले गेले. १९७१ च्या डिसेंबरात मेघना नदीवरचा पूल पाकिस्तानी सैन्याने उडवून दिला, तेव्हा लेफ्टनंट जनरल सगत सिंग यांच्या फौजेला नदीपार नेले ते एमआय-४ जातीच्या हेलिकॉप्टरांनी. ग्रुप कॅप्टन चंदन सिंग यांच्या आखणीखाली रात्रंदिवस फेऱ्या झाल्या आणि ढाक्याची वाट मोकळी झाली. १३ एप्रिल १९८४ रोजी सियाचीनच्या मोहिमेत बिलाफोंड ला या खिंडीपाशी जवान उतरवले ते चीता हेलिकॉप्टरांनी. त्यानंतर गेली चार दशके त्या हिमनदीवरच्या चौक्यांना रॉकेल, डाळ, औषधे आणि पत्रे पोहोचवण्याचे आणि हिमदंशाने जायबंदी झालेल्यांना खाली आणण्याचे काम याच वैमानिकांनी केले. २८ मे १९९९ रोजी कारगिलच्या युद्धात तोलोलिंगवर रॉकेटे घेऊन गेलेले एमआय-१७ खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि त्यातील चौघेही मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्या शिखरांवरील हल्ल्याच्या कामातून ही हेलिकॉप्टरे काढून घेण्यात आली.

या यादीत एक सूत्र दिसते. हेलिकॉप्टर वैमानिक बहुधा वाहून नेणारा असतो. तो माणसे नेतो, ओझी नेतो, जखमी आणतो, प्रेते आणतो. लढाऊ विमानाचा वैमानिक शत्रूचे विमान पाडतो, आणि त्या क्षणाला आरंभ, मध्य, अंत असतो, म्हणून त्याची कथा सांगता येते. हेलिकॉप्टर वैमानिकाची कारकीर्द म्हणजे शेकडो फेऱ्यांची बेरीज होय. त्यांतली एक फेरी दुसरीसारखीच असते आणि कोणतीही एक अखेरची ठरू शकते. आपल्या बखरींपासून आजच्या शौर्यकथांपर्यंतच्या लेखनाला पराक्रमाचा क्षण हवा असतो, आणि रसद पोहोचवणाऱ्याला तो क्षण मिळत नाही. पानिपतावर अन्नावाचून झालेली दशा प्रत्येक मराठी वाचकाला ठाऊक असते, पण रसद आणताना मेलेल्यांची नावे किती जणांना सांगता येतील?

निनाद मांडवगणे या परंपरेतले वैमानिक होते. नाशिकची भोसला सैनिकी शाळा आणि मग औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था, हा त्यांचा मार्ग महाराष्ट्रातील अनेक मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांनी चोखाळलेला मार्ग आहे. भोसला शाळा १९३७ मध्ये डॉ. बा. शि. मुंजे यांनी स्थापन केली. औरंगाबादची संस्था राज्य सरकारने १९७७ मध्ये काढली, ती महाराष्ट्रातून सैन्यदलांत अधिकारी अल्प प्रमाणात जातात ही उणीव भरून काढण्यासाठी. नाशिकचे आकाशाशी नातेही जुने आहे. शेजारच्या ओझरला १९६० च्या दशकापासून मिग विमाने बांधली गेली, आणि गांधीनगरच्या धावपट्टीवर भूदलाचे हेलिकॉप्टर वैमानिक शिकतात. २७ फेब्रुवारी २०१९ या एकाच दिवशी बातमीत आलेली दोन्ही नावे, म्हणजे मिग-२१ आणि हेलिकॉप्टर, नाशिककरांच्या घरातली म्हणावी इतकी परिचयाची होती.

एमआय-१७ व्ही-५ हे रशियात कझान येथे बांधलेले, जास्तीत जास्त १३ टन वजनाने उडू शकणारे वाहतुकीचे हेलिकॉप्टर आहे. भारताने २००८ मध्ये त्यांचा करार केला आणि २०१२ पासून ती वायुसेनेत रुजू झाली. सैन्याची ने-आण, पूर, भूकंप, चक्रीवादळ अशा कामांत तीच धावतात. निनाद यांच्यासोबत त्या सकाळी दुसरे वैमानिक होते ते स्क्वाड्रन लीडर सिद्धार्थ वशिष्ठ. २०१८ च्या केरळमधील महापुरात बचावकार्य केलेले हे वैमानिक होते. त्यांच्याखेरीज वायुसेनेचे आणखी चौघे हेलिकॉप्टरमध्ये होते.

त्या दिवसाची पार्श्वभूमी सर्वज्ञात आहे. १४ फेब्रुवारीला पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले. २६ फेब्रुवारीच्या पहाटे भारतीय विमानांनी बालाकोटवर हल्ला केला. २७ च्या सकाळी पाकिस्तानी विमाने प्रत्युत्तरासाठी जम्मू-काश्मीरच्या सीमेवर आली आणि राजौरी-नौशेरा भागाच्या वर हवाई चकमक झाली. विंग कमांडर अभिनंदन वर्धमान यांचे मिग-२१ पडले आणि ते पाकिस्तानच्या हाती लागले. त्याच सुमारास, दहा वाजण्याच्या आगेमागे, चकमकीपासून दूर श्रीनगरजवळ मांडवगणे आणि वशिष्ठ यांचे हेलिकॉप्टर तळाकडे परतत होते. हवाई हल्ल्याचा इशारा असल्यामुळे त्यास परत बोलावले गेले होते. तळाच्या हवाई संरक्षणासाठी उभ्या असलेल्या इस्रायली बनावटीच्या स्पायडर यंत्रणेवरील लोकांना रडारवर कमी उंचीवरून, मंद गतीने येणारी एक वस्तू दिसली. ती शत्रूची असावी असा समज झाला, क्षेपणास्त्र सुटले, आणि काही सेकंदांत सारे संपले. बडगाम जिल्ह्यातील एका गावाच्या शिवारात हेलिकॉप्टर कोसळले. त्यातील सहाही जण आणि जमिनीवरचा एक स्थानिक रहिवासी असे सात जण मृत्युमुखी पडले. त्या सातव्या माणसाचा उल्लेख अनेक वृत्तांतांत शेवटच्या वाक्यात येतो, कित्येकांत येतही नाही.

आपला आणि परका ओळखण्यासाठी विमानांत एक यंत्र असते. त्याचे इंग्रजी आद्याक्षरांवरून झालेले नाव आयएफएफ. जमिनीवरून एक प्रश्नार्थक संकेत जातो, विमानातले यंत्र ठरलेले उत्तर देते, आणि उत्तर आले तर 'आपला' असे समजतात. उत्तर न येणे म्हणजे 'परका' असे मात्र नव्हे. त्याचा अर्थ 'ठाऊक नाही' एवढाच असतो. चौकशीनंतर वृत्तपत्रांतून जी माहिती प्रसिद्ध झाली तीनुसार हेलिकॉप्टरमधले हे यंत्र बंद होते, ते चालू ठेवण्याविषयीच्या सूचनांत एकवाक्यता नव्हती, आणि तळावरील वेगवेगळ्या विभागांत आवश्यक तो संवाद झाला नाही. हेलिकॉप्टर परत येत आहे हे तळावर ज्यांना ठाऊक होते आणि ज्यांच्या हाती क्षेपणास्त्राचा निर्णय होता, त्यांच्यातले अंतर जेवढे होते तेवढ्याच जागेत ही सात माणसे मेली.

ही अडचण यंत्रयुगाने निर्माण केलेली नाही. महाभारताच्या द्रोणपर्वात रात्रीच्या युद्धाचे वर्णन आहे. अंधार आणि धूळ यांत आपला कोण आणि परका कोण हे कळेनासे होते, योद्धे आपापली नावे उच्चारून लढतात, आणि अखेर रथांवर, हत्तींवर, पायदळाच्या हातांत दिवे लावले जातात. नाव उच्चारणे ही त्या काळातली ओळखीची खूण होय. सौप्तिकपर्वात तर झोपेतून दचकून उठलेले पांडवपक्षाचे योद्धे गोंधळात एकमेकांवरच शस्त्र चालवतात. पानिपतच्या लढाईविषयी अशी हकिकत सांगितली जाते की मराठ्यांच्या बाजूने असलेल्या अफगाण शिपायांना ओळखीसाठी भगव्या पट्ट्या दिलेल्या होत्या, आणि त्या ऐन वेळी टाकल्या गेल्याने घोटाळा उडाला. खूण हरवली की स्वजन आणि शत्रू यांतली रेषा पुसते, हे आपल्या परंपरेला ठाऊक होते. महाभारतकाराने ते लपवले नाही. तो आपल्या पक्षाच्या हातून आपल्या पक्षाची माणसे मेल्याचे सांगतो आणि त्यामुळे महाकाव्याचे काही बिघडत नाही. ही गोष्ट आधुनिक गद्याने लक्षात घेण्याजोगी आहे.

आता उत्तरकांडाकडे वळू. कारण या वैमानिकाच्या कारकिर्दीचा मोठा भाग त्याच्या मृत्यूनंतर घडला असे म्हणावे लागते.

१ मार्च २०१९, शुक्रवार. नाशिकला गोदाकाठी निनाद मांडवगणे यांच्यावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. त्याच दिवशी रात्री अभिनंदन वर्धमान अटारीच्या सीमेवरून भारतात परतले. देशाच्या पडद्यावर कोणते दृश्य राहिले हे सांगावयास नको, आणि त्यात कोणाचा दोषही नाही. परत आलेल्या माणसाचा आनंद स्वाभाविक होता. पण इतिहासाच्या दृष्टीने नोंदवण्याची बाब ही की त्या दिवशी एका घटनेला कथा मिळाली आणि दुसरीला केवळ सलामी. हेलिकॉप्टर का पडले हे त्या दिवशी अधिकृतपणे कोणी सांगितले नव्हते. यांत्रिक बिघाडाची चर्चा होती. चितेपुढे उभ्या असलेल्या माणसांना आपला मुलगा, आपला मित्र कशाने गेला हे ठाऊक नव्हते.

त्याच दिवसांत निनाद यांच्या पत्नीने केलेले एक आवाहन महाराष्ट्रभर ऐकले गेले. आम्हांला युद्ध नको, युद्धाचे नुकसान काय असते हे तुम्हांला ठाऊक नाही, दोन्ही बाजूंनी आणखी कोणी निनाद जाऊ नये, आणि समाजमाध्यमांवर घोषणा देणाऱ्यांना एवढाच उत्साह असेल तर त्यांनी सैन्यात दाखल व्हावे, असा त्या बोलण्याचा आशय होता. आमच्या मते या दशकातील मराठी माणसाच्या सार्वजनिक बोलण्यातला हा एक महत्त्वाचा पाठ आहे. त्यात वीरपत्नीकडून अपेक्षित असलेली भाषा नाही. 'मला अभिमान आहे, दुसरा मुलगाही पाठवीन' या साच्यातले वाक्य तीत नाही. विशेष म्हणजे, मृत्यूचे खरे कारण पुढे यायचे होते तेव्हाच त्यांनी 'दोन्ही बाजूंनी' हा शब्दप्रयोग केला. शत्रू निश्चित ठरलेला नसतानाही दुःख निश्चित असते, हे त्या बोलण्याने आधीच सांगून ठेवले होते.

मार्च संपता संपता वृत्तपत्रांतून शंका येऊ लागल्या. एप्रिल-मे महिन्यांत लोकसभेची निवडणूक झाली. त्या निवडणुकीत बालाकोटचा उल्लेख सभांतून वारंवार झाला, बडगामचा झाला नाही. चौकशीचे निष्कर्ष निवडणुकीनंतर बाहेर येऊ लागले. अखेर ४ ऑक्टोबर २०१९ रोजी तत्कालीन वायुसेनाप्रमुख एअर चीफ मार्शल राकेशकुमारसिंह भदौरिया यांनी पत्रकार परिषदेत मान्य केले की हेलिकॉप्टर आपल्याच क्षेपणास्त्राने पडले, ती मोठी चूक होती, आणि दोन अधिकाऱ्यांवर कारवाई होत आहे. मृत्यूपासून या कबुलीपर्यंत सात महिने गेले. या सहा जणांना युद्धातील हानी म्हणून गणले गेले, आणि दोन्ही वैमानिकांना मरणोत्तर वायुसेना पदक देण्यात आले. कारवाईचा वाद न्यायासनांपुढे गेला. एप्रिल २०२३ मध्ये लष्करी न्यायालयाने श्रीनगर तळावरील तत्कालीन मुख्य संचालन अधिकाऱ्यास बडतर्फ करण्याची शिफारस केल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. म्हणजे घटनेनंतर चार वर्षे उलटली होती.

येथे न्याय करावयाचा तर दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. भारतीय वायुसेनाप्रमुखाने आडपडदा न ठेवता 'आमची चूक' असे म्हणावे, ही लहान गोष्ट नव्हे. सैन्यदलांच्या इतिहासात अशी वाक्ये दुर्मिळ असतात. पण ते वाक्य ज्या सात महिन्यांनंतर आले ते सात महिनेही इतिहासाचाच भाग आहेत. त्यांना वगळून केवळ कबुलीचे कौतुक करणे हे अर्धसत्य होईल.

जगात इतरत्र काय घडले हे पाहिले तर तुलना सोपी होते. दुसरे महायुद्ध सुरू होऊन तीन दिवस झाले असता, ६ सप्टेंबर १९३९ रोजी, ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी आपलीच दोन हरिकेन विमाने पाडली. त्यात मेलेला वैमानिक हा त्या युद्धात मरण पावलेला ब्रिटनचा पहिला लढाऊ वैमानिक ठरला. लष्करी न्यायालयाचे कामकाज बंद दाराआड झाले आणि दोन्ही आरोपी सुटले. पण आपला-परका ओळखण्याची व्यवस्था किती कच्ची आहे हे त्या घटनेने दाखवून दिले. १४ एप्रिल १९९४ रोजी उत्तर इराकवर अमेरिकेच्या एफ-१५ विमानांनी अमेरिकेचीच दोन ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरे पाडली आणि २६ माणसे मेली. तेथेही ओळखीच्या संकेताचाच घोळ होता. चुकीचा संकेत लावला आहे हे हेलिकॉप्टरवाल्यांना कोणी कळवलेच नव्हते. अमेरिकेच्या संरक्षणमंत्र्यांनी त्याच दिवशी हे जाहीर केले आणि काही महिन्यांत चौकशीचा अहवालही प्रसिद्ध झाला. मात्र लष्करी न्यायालयात उभा राहिलेला एकमेव अधिकारी निर्दोष सुटला आणि कोणालाही शिक्षा झाली नाही. सत्य लवकर सांगितले म्हणजे न्याय होतोच असे नाही, हे यावरून दिसते. भारतात उलट घडले. सत्य उशिरा आले, पण उत्तरदायित्व ठरवण्याचा प्रयत्न पुढे रेटला गेला. मृतांच्या घरच्यांना मात्र दोन्ही गोष्टी हव्या असतात, आणि ती मागणी अवाजवी नाही.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी याहून महत्त्वाचे उदाहरण एका पुस्तकाचे आहे. सी. डी. बी. ब्रायन यांचे 'फ्रेंडली फायर' हे पुस्तक १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. आयोवा राज्यातील मलेन नावाच्या शेतकरी कुटुंबाचा मुलगा मायकेल फेब्रुवारी १९७० मध्ये व्हिएतनाममध्ये झोपेत असताना आपल्याच तोफखान्याच्या गोळ्याने मेला. मार्गातल्या झाडांची उंची हिशेबात न धरल्याने गोळा वाटेतच फुटला होता. मक्याच्या शेतीवर राबणारे त्याचे आईवडील पत्रे लिहू लागले, प्रश्न विचारू लागले, सैन्याने दिलेल्या मृत्यूनंतरच्या रकमेतून त्यांनी वृत्तपत्रात युद्धविरोधी जाहिरात दिली. ज्या तुकडीत मायकेल होता तिचा प्रमुख होता नॉर्मन श्वार्झकॉफ. पुढे १९९१ च्या आखाती युद्धाचे नेतृत्व करणारा सेनापती तोच. ब्रायन यांनी शोध घेतला आणि त्यांचा निष्कर्ष असा निघाला की जाणूनबुजून केलेले कारस्थान असे काही नव्हते, एक भयंकर पण साधी चूक होती. मायकेलच्या आईला हा निष्कर्ष पटला नाही. आणि पुस्तकाचे मोठेपण असे की लेखकाने आपला निष्कर्षही सांगितला आणि तिचा अविश्वासही कमी केला नाही. सुरुवातीच्या दिवसांत यंत्रणेने दाखवलेल्या मौनामुळे पुढे सांगितलेले खरेही खरे वाटेनासे होते, हा त्या पुस्तकाचा धडा आहे. असे एखादे पुस्तक मराठीत बडगामविषयी लिहिले जावे अशी अपेक्षा आम्ही बाळगतो. उसाच्या आणि मक्याच्या शेतांतली घरे वेगळी असली तरी त्यांच्या ओसरीवर येणारी तार किंवा येणारा दूरध्वनी एकाच प्रकारचा असतो.

यावर एक आक्षेप गंभीरपणे घेतला पाहिजे. कोणी म्हणेल की अशा मृत्यूची उघड चर्चा केल्याने सैन्याचे मनोधैर्य खचते, आणि मृताच्या हौतात्म्याला उणेपणा येतो. पहिल्या भागाला उत्तर हे की हेलिकॉप्टरमध्ये बसणाऱ्या पुढच्या वैमानिकाचे धैर्य 'मागची चूक झाकली आहे' या ज्ञानाने वाढत नाही. 'मागची चूक शोधून दुरुस्त केली आहे' याने वाढते. कडबनवाडीच्या शेतात पडलेल्या लहान विमानाला जो तपास मिळतो त्यामागचे तत्त्व हेच आहे. दुसऱ्या भागाचे उत्तर शब्दांतच आहे. 'शहीद' हा शब्द अरबीतून आला आणि त्याच्या मुळाशी 'साक्षीदार' हा अर्थ आहे. शहादत म्हणजे साक्ष. 'हुतात्मा' या शब्दात आहुती आहे. भारत सरकारने संसदेत वेळोवेळी स्पष्ट केले आहे की 'शहीद' ही सैन्यदलांतली अधिकृत संज्ञा नाही. म्हणजे हा शब्द समाजाचा आहे, आणि त्याचा अर्थ राखण्याची जबाबदारीही समाजाची आहे. जो साक्षीदार आहे त्याची साक्ष खरी नोंदवून घेणे हे त्याला वाहिलेल्या फुलांपेक्षा मोठे काम आहे. युद्धाच्या सकाळी, हल्ल्याचा इशारा असताना, निःशस्त्र म्हणावे अशा वाहनातून कर्तव्यावर असलेला वैमानिक ज्या धोक्यात उभा असतो त्या धोक्याचा एक भाग आपल्याच बाजूचा असतो. तो धोका पत्करणे हे शौर्यच आहे. घाव कोणाचा होता यावरून ते शौर्य मोजता येत नाही.

मग या मृत्यूला मराठीत काय म्हणावे? 'मित्रमारा' यासारखे भाषांतर हास्यास्पद होईल, कारण मूळ इंग्रजी शब्दप्रयोगातच एक क्रूर उपरोध आहे आणि तो मराठीत आयात करण्याचे कारण नाही. आपल्यापाशी 'स्वजन' हा शब्द आहे. कुरुक्षेत्रावर अर्जुनाचा हात थरथरला तो याच शब्दापाशी. 'स्वजनांच्या हातून आलेले मरण' असे सरळ लिहिता येते. त्यात आरोपही नाही, लपवाछपवीही नाही. शालेय पुस्तकात, महाविद्यालयाच्या भित्तिपत्रकात, चौकातल्या फलकावर जेव्हा निनाद मांडवगणे यांचे नाव येईल तेव्हा त्यापुढे हे चार शब्दही यावेत. वर्गात युद्धकथा शिकवताना त्या सकाळच्या दोन्ही वैमानिकांविषयी बोलले जावे, आणि त्या गावातल्या सातव्या माणसाचाही उल्लेख व्हावा.

बारामतीच्या धावपट्टीवर आज शिकणाऱ्या मुलामुलींपैकी बहुतेक जण नागरी विमाने चालवतील, एखादा सैन्याकडे वळेल. पुणे जिल्ह्यातच खडकवासल्याची प्रबोधिनी आहे, आणि तेथे दरवर्षी नवे तरुण, आणि २०२२ पासून तरुणीही, दाखल होतात. त्यांना आपण शौर्याच्या कथा सांगतोच, त्या सांगाव्यात. पण ज्यांच्या हाती ते आपला जीव देणार आहेत त्या व्यवस्थेने चूक केली तर ती सांगितली जाईल, लिहिली जाईल आणि नावानिशी लक्षात ठेवली जाईल, एवढी हमी समाजाने त्यांना द्यावयास हवी. ती हमी देण्याचे साधन म्हणजे इतिहास, आणि इतिहासाचे साधन म्हणजे भाषा.